हिल एन्ड: सोन्याच्या गावात आता बघण्यासारखं काय उरलंय?

सायली_वेल

नमस्कार मंडळी. आम्ही सिडनीकर. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला आईबाबा इथे असतील. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ऑपेरा हाऊस झालं, ब्लू माउंटन्स झाले, आता "या देशातलं एखादं खरंखुरं खेडं दाखव" अशी त्यांची फर्माईश आहे. माझ्या मनात हिल एन्ड आहे, बॅथर्स्टच्या पलीकडे डोंगरात. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आठेक हजार माणसं होती, मैलभर दुकानं होती, दोन डझनांच्या वर दारूची दुकानं होती. आज वस्ती शंभराच्या आसपास.

नवरा म्हणतो, जाऊन येऊन आठ तास गाडी हाकायची ती गवत बघायला? मला मात्र वाटतं की सोन्यामागे धावत हा देश कसा वसला, हे अशा गावातच कळेल. मी अजून गेलेली नाही, म्हणून विचारते. जाऊन आलेल्यांनी सांगा: बघण्याच्या जागा कोणत्या, त्यामागची हकिकत काय, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसांना झेपेल का?

खाणपट्टा

जा. नक्की जा. मी भूशास्त्रवाला, न्यू साउथ वेल्सच्या खाणभागात बरीच वर्षं नोकरी केली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

१८५१ मध्ये याच भागातल्या ऑफिरला सोनं सापडल्याचं जाहीर झालं आणि काही महिन्यांतच ट्यूरॉन नदीच्या काठाने हजारो माणसं पसरली. वाटेत लागणारं सोफाला तेव्हाचंच. हिल एन्डला लागून असलेलं टँबरूरा आधी मोठं होतं, हिल एन्ड मागाहून वर आलं. सुरुवातीचं सोनं ओढ्यानाल्यांच्या वाळूतलं. फावडं आणि पाटी असली की एकटा माणूसही ते धुऊन काढू शकायचा. ते आटल्यावर लोक डोंगरात शिरले. इथल्या हॉकिन्स हिलच्या उतारावर पाटीच्या दगडात (स्लेटमध्ये) क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या, अरुंद शिरा आहेत, आणि त्यातल्या काही भलत्याच श्रीमंत निघाल्या.

शिरेतलं सोनं काढायचं तर खोल शाफ्ट (उभे खड्डे) हवेत, सुरुंगाची दारू हवी, दगड कुटणारी स्टँपर यंत्रं हवीत, म्हणजेच भांडवल हवं. मग कंपन्या निघाल्या, सिडनीत शेअर विकले गेले. ज्या खड्ड्यांत काहीच नव्हतं त्यांचेही विकले गेले. १८७४ च्या सुमाराला शिरांचा चांगला भाग संपला आणि गाव जितक्या घाईने भरलं होतं तितक्याच घाईने रिकामं होऊ लागलं. लोकांनी पत्रे, फळ्या, तुळया उपसल्या आणि पुढच्या ठिकाणी नेल्या. त्यामुळे आज घरांपेक्षा मोकळ्या जागाच जास्त दिसतात.

एक जागा चुकवू नका. गावाबाहेर क्वार्ट्झ भाजण्याच्या भट्ट्यांचे अवशेष आहेत, १८५० च्या दशकातले, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणकामगारांच्या पद्धतीने बांधलेले. दगड आधी भट्टीत भाजायचा म्हणजे ठिसूळ होतो, मग त्याची भुकटी करायची, मग पाऱ्याशी गाठ घालायची. पारा सोन्याला धरतो. पुढे पारा उडवून लावला की सोनं मागे राहतं. बहुतेक पर्यटक तिथे जातच नाहीत. मला विचाराल तर साऱ्या परिसरातली ती सगळ्यात मोलाची जागा आहे.

फुलपाखरी

वाचतेय. हिल एन्डला सापडलेल्या त्या अवाढव्य सोन्याच्या दगडाबद्दल कुणीतरी लिहा ना.

काचपट्टी

फुलपाखरी, लिहिते.

बर्नहार्ट होल्टरमन हॅम्बुर्गचा. १८५८ मध्ये सिडनीला उतरला. त्याचा भागीदार लुई बायर्स. दोघं वर्षानुवर्षं या डोंगरात खणत राहिले, हाती काही लागेना तेव्हा पडेल ते काम करून पोट भरत राहिले. १८६८ मध्ये दोघांनी एमेट घरातल्या दोन बहिणींशी लग्नं केली, म्हणजे भागीदार होते ते साडूही झाले. एकदा सुरुंगाची दारू अवेळी उडाली आणि होल्टरमन मरता मरता वाचला. अखेर त्यांच्या 'स्टार ऑफ होप' खाणीला शीर लागली.

१९ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री सुरुंग उडवल्यावर जे समोर आलं, ते वर काढल्यावर जवळजवळ दीड मीटर उंच आणि सुमारे २८६ किलो भरलं. क्वार्ट्झ, पाटीचा दगड आणि त्यात गच्च भरलेलं सोनं. शिरेतल्या सोन्याचा इतका मोठा तुकडा जगात दुसरा नोंदलेला नाही. होल्टरमनला तो जसाच्या तसा राखायचा होता. त्याने किमतीपेक्षा हजार पौंड जास्त देऊ केले, तरी कंपनीने ऐकलं नाही. दगड फोडून, कुटून, वितळवून टाकला. मला हे वाचताना दर वेळी हळहळ वाटते.

तुकड्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या होल्टरमनचा फोटो सगळीकडे दिसतो. तो वेगवेगळे फोटो जोडून बनवलेला आहे. १८७० च्या दशकातलं हे जोडकाम आजही चटकन ओळखू येत नाही.

गोटी_सोडा

म्हणजे सेलिब्रिटीबरोबर खोटा सेल्फी काढायची पद्धत दीडशे वर्षं जुनी आहे तर! 😀

बिनसाखरेचा

मी जाऊन आलोय आणि सायली_वेल यांच्या यजमानांच्या बाजूने मत देतो. एक चालू हॉटेल, काही जुनी दुकानं, एक चर्च, इस्पितळाची इमारत. बाकी गवत आणि त्यावर चरणारे कांगारू. फलक वाचायचे आणि कल्पना करायची. जुनं गाव बघायचंच असेल तर गल्गाँग किंवा कार्कोअर बघा, तिथे रस्ताभर जुन्या इमारती उभ्या आहेत. इतिहासाच्या शिक्षकांना रिकामा प्लॉट दाखवून काय मिळणार?

काचपट्टी

बिनसाखरेचा, तुम्ही जे पाहिलंत ते तसंच आहे, पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. तिथला रिकामा प्लॉट इतर ठिकाणच्या रिकाम्या प्लॉटसारखा नाही, कारण तिथे कोण राहत होतं, दारात कोण उभं होतं, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलं होतं, हे आपल्याला बघता येतं.

१८७२ मध्ये ब्यूफॉय मर्लिन नावाचा छायाचित्रकार त्याचा तरुण सहायक चार्ल्स बेलिस याला घेऊन हिल एन्डला आला. त्या काळी काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, पट्टी सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणून अंधारखोली घोडागाडीतून बरोबर न्यावी लागे. मर्लिनची रीत अशी की देखावे शोधत फिरायचं नाही, रस्त्याने घरामागून घर, दुकानामागून दुकान टिपत जायचं. घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहत. खाटीक, लोहार, शिंपी, औषधवाला, कडेवर पोर घेतलेल्या बायका. कुत्रं हललं असेल तर त्याचा नुसता धूसर पट्टा उमटलाय.

होल्टरमनला हे काम इतकं भावलं की त्याने मर्लिनला पैसा पुरवला. ऑस्ट्रेलिया कशी आहे हे जगाला फोटोंतून दाखवायचं, अशी त्याची योजना होती. मर्लिन १८७३ मध्ये गेला, बेलिसने काम पुढे चालवलं. होल्टरमनने सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आपल्या घराला मनोरा बांधला आणि तिथून १८७५ मध्ये दोघांनी बंदराचे फोटो घेतले, तेही दीड मीटरहून लांब काचांवर. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या आणि १८७८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची कामं मांडली गेली.

आणि मग हे सगळं विसरलं गेलं. १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुड भागात होल्टरमनच्या वंशजांच्या बागेतल्या शेडमध्ये सुमारे साडेतीन हजार काचपट्ट्या सापडल्या. आज त्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात आहेत. स्कॅन केल्यावर त्यांत इतका बारकावा निघाला की दुकानाच्या काचेमागच्या बाटल्या मोजता येतात.

तुम्ही सुचवलेलं गल्गाँगही याच संग्रहामुळे घरोघरी पोचलं. १९६६ मध्ये निघालेल्या पहिल्या दहा डॉलरच्या नोटेवर गल्गाँगचं जे दृश्य होतं ते याच फोटोंवरून घेतलेलं.

फुलपाखरी

काचपट्टीताई, अंगावर काटा आला. बागेतली शेड!

यॉर्कर

क्रिकेटवाल्यांसाठी भर घालतो. १९४७ मध्ये रसेल ड्राइसडेल आणि डोनल्ड फ्रेंड हे दोन चित्रकार सोफाला-हिल एन्डकडे आले. ड्राइसडेलला 'सोफाला' या चित्रासाठी त्या वर्षीचं विन पारितोषिक (निसर्गचित्रांसाठी दिलं जाणारं) मिळालं. १९४८ मध्ये त्याने हिल एन्डवरून 'द क्रिकेटर्स' काढलं. उंच, ओसाड भिंतींच्या मधल्या मोकळ्या जागेत तीन आकृत्या, प्रेक्षक नाहीत, मैदान नाही, हिरवळीचा मागमूस नाही. ऑस्ट्रेलियन क्रिकेटवरचं याहून गाजलेलं चित्र मला माहीत नाही. चाळीच्या दोन भिंतींमध्ये खेळून मोठा झालेल्या कुणालाही ते बघताक्षणी कळेल.

फ्रेंड तर तिथेच राहिला. मातीच्या भिंतींची त्याची ती झोपडी आजही 'मरेज कॉटेज' म्हणून उभी आहे. नंतर मार्गरेट ऑली, जीन बेलेट, पॉल हेफ्लिगर असे कितीतरी जण आले. हेफ्लिगर दांपत्याचं घर आणि मरेज कॉटेज, दोन्हीकडे आता चित्रकारांना राहून काम करायला बोलावतात. तेव्हा हे गाव मेलेलं आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पाणवठा

चर्चा छान चालू आहे, पण वरच्या सगळ्या प्रतिसादांत गोष्ट १८५१ ला सुरू होते हे मला खटकतं. हा सगळा मुलूख विराजुरी या मूळ रहिवासी लोकांचा. सोन्याच्या आधी तिथे जमिनीसाठी युद्ध झालं. मेंढपाळ बॅथर्स्टच्या मैदानात पसरले, शिकार आणि कंदमुळांच्या जागा गेल्या, दोन्हीकडून माणसं मारली गेली, आणि ऑगस्ट १८२४ मध्ये गव्हर्नर ब्रिस्बेनने मार्शल लॉ (लष्करी अंमल) पुकारला. तो डिसेंबरपर्यंत चालला. विराजुरींचा पुढारी विंड्रेडाइन शेवटी आपल्या माणसांना घेऊन डोंगर ओलांडून पॅरामॅटाला गव्हर्नरसमोर चालत गेला. सोन्याची गर्दी आली ती या सगळ्यानंतर जेमतेम २७ वर्षांनी.

आणि काचपट्टी, तुमच्या दगडाच्या २१ वर्षं आधीचा एक दगड आहे. १८५१ मध्येच, या भागाच्या उत्तरेला डॉक्टर केर यांच्या मेंढवाड्यावर काम करणाऱ्या एका आदिवासी माणसाला क्वार्ट्झमध्ये भरलेलं सोनं दिसलं. तो तुकडाही फोडला गेला. इतिहासात त्याला 'केर हंड्रेडवेट' म्हणतात (हंड्रेडवेट हे वजनाचं जुनं इंग्रजी माप). नाव मालकाचं राहिलं.

सायली_वेल, बाबा शिक्षक आहेत म्हणून सांगते, बॅथर्स्टवरून जाताना हा भाग त्यांना आधी सांगा. हिल एन्ड त्यानंतरच नीट कळेल.

खाणपट्टा

पाणवठा, अगदी योग्य. याच ओघात चिनी खाणकामगारांचंही सांगतो. टँबरूराला त्यांची मोठी वस्ती होती. इतरांनी सोडून दिलेली माती ते पुन्हा धुवायचे आणि त्यातून सोनं काढायचे. शिवाय भाजीचे मळे त्यांचे. डोंगरातल्या हजारो माणसांच्या ताटात ताजा पाला त्यांच्यामुळे पडला. टँबरूराजवळ गोल्डन गली म्हणून घळ आहे. सोन्यासाठी उकरलेली माती पावसाने झिजून तिथे लालपिवळे कडे आणि एक नैसर्गिक कमान झाली आहे. कड्यांत खाणवाल्यांचे बोगदे दिसतात. संध्याकाळच्या उन्हात बघावी.

तिरफळ

अवांतर: माझे आजोबा कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत हिशेबनीस होते. तिथेही कॉर्नवॉलचे लोक होते, १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स कंपनीने आणलेले. आजी सांगायची, साहेबांच्या बंगल्यांची एक ओळ आणि आमची लाइनीतली घरं वेगळी. कोलारला सोनं शतकभर पुरलं, खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. हिल एन्डला तेच सगळं दोन-तीन वर्षांत उरकलं हे वाचून थक्क झाले. भट्ट्यांचा एखादा फोटो टाकाल का, खाणपट्टाकाका?

बिनसाखरेचा

काचपट्टी, फोटोंचा मुद्दा पटला, पण माझी तक्रार थोडी वेगळी आहे. १९६७ मध्ये गाव ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं, आता राष्ट्रीय उद्यान खातं ते सांभाळतं. म्हणजे तिथे राहणाऱ्याने भिंतीला रंग द्यायचा तरी विचारून. जिवंत गाव असं गोठवून ठेवावं का? आपल्याकडे गावं बदलली म्हणूनच टिकली.

पाणवठा

प्रश्न रास्त आहे. पण १९६७ साली कुणी हात आडवा घातला नसता तर उरलीसुरली मातीची घरं आज नसतीच. कुडाच्या भिंतीला पावसाचे काही हंगाम पुरतात. गाव बदलून टिकतं ते तिथे पाणी, शेती, काम असलं तर. हिल एन्डला काम होतं ते फक्त खाणीचं.

यॉर्कर

शिवाय शाळा आहे, हॉटेल चालतं, लोक राहतात. अगदीच गोठवलेलं नाही.

गोटी_सोडा

मेटल डिटेक्टर नेऊ का? होल्टरमनसाहेबांच्या हातून एखादा चुरा सुटला असेल. 😜

खाणपट्टा

ऐतिहासिक स्थळाच्या हद्दीत सोनं शोधायला बंदी आहे. टँबरूराकडे त्यासाठी वेगळी जागा ठरवून दिली आहे, तिथे जा. आणि पायवाट सोडू नका. जुने शाफ्ट सगळे बुजवलेले नाहीत, गवतात दिसतही नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.

तिरफळ, फोटो शोधून टाकतो. कोलारचं वाचून फार बरं वाटलं. आजीच्या आठवणींचा वेगळा धागा काढाच.

माहेरवाशीण_मेलबर्न

मूळ प्रश्नाकडे येऊया का? मी सासूसासऱ्यांना घेऊन गेले होते, म्हणून व्यवहाराचं सांगते.

सिडनीहून एका दिवसात जाऊन येऊ नका. बॅथर्स्टपर्यंत तीनेक तास, पुढे सोफालामार्गे तास-सव्वा तास वळणावळणाचा डांबरी रस्ता. रात्री बॅथर्स्टला किंवा हिल एन्डलाच मुक्काम करा. मॅकवॉरी नदीकाठचा ब्राइडल ट्रॅक नकाशावर जवळचा दिसतो, पण तो कच्चा आणि अरुंद आहे. २०१० मध्ये दरड कोसळून तो मधेच बंद पडला होता. ज्येष्ठांना घेऊन त्या वाटेला जाऊच नका.

पेट्रोल बॅथर्स्टला भरा. फोनची रेंज भरवशाची नाही, नकाशा आधी उतरवून घ्या. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, कांगारू अचानक आडवे येतात. गाव उंचावर आहे, ऑक्टोबरमध्येही रात्री स्वेटर लागतो.

गुडघ्यांचं म्हणाल तर मुख्य गाव सपाट आहे. रॉयल हॉटेल, १८७२ चं, इतक्या दारूच्या दुकानांतलं उरलेलं एकमेव, तिथे गाडी लावा. लुई बायर्सने लावलेल्या झाडांच्या रस्त्याने सावकाश चाला. बाकं आहेत. क्रेगमूर हे खाणीवर पैसा कमावलेल्या माणसाचं १८७५ चं घर आतल्या सामानासकट राखलंय, उघडं कधी असतं ते आधी विचारा. बाल्ड हिलवर आणि मर्लिन लुकआउटला गाडीने जाता येतं. हॉकिन्स हिलकडचा उतार मात्र आईबाबांसाठी सोडून द्या.

तिरफळ

शाकाहारी लोकांचं काय? हॉटेलात चिप्सवर भागवायचं?

माहेरवाशीण_मेलबर्न

आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. पिकनिकची जागा आहे, सासऱ्यांनी तिथे झाडाखाली ताव मारला. हॉटेलात काय मिळेल याच्या भरवशावर राहू नका, बॅथर्स्टला फळं आणि ब्रेड घेऊन ठेवा.

काचपट्टी

सायली_वेल, एक विनंती. जायच्या आदल्या आठवड्यात बाबांना राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर होल्टरमन संग्रह दाखवा, फुकट आहे. त्यातले हिल एन्डच्या मुख्य रस्त्यांवरचे, क्लार्क स्ट्रीट आणि त्याच्या आसपासचे फोटो टॅबवर उतरवून घ्या. गावात काही जागी जुन्या फोटोंचे फलक आहेत, पण आपले फोटो हाताशी असले की मोकळ्या जागेसमोर उभं राहून दुकानं एकेक करून जुळवता येतात. शिक्षक माणसाला यात किती गोडी वाटेल हे मी सांगायला नको. बिनसाखरेचा, तुम्हीही पुन्हा जाल तेव्हा हे करून बघा.

बिनसाखरेचा

बघेन. आमच्या सौंना कांगारू आवडले होते, त्यामुळे पुन्हा जाणं होणारच आहे.

सायली_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने धागा वाचला, 'द क्रिकेटर्स' शोधून बघितलं आणि आता तोच रॉयल हॉटेलला खोली मिळते का ते पाहतोय. बाबांना कालच फोनवर विंड्रेडाइनबद्दल सांगितलं, तर त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली: मार्शल लॉ नेमका कुठल्या हद्दीत होता, पॅरामॅटाला गेल्यावर पुढे काय झालं? पाणवठा, जमल्यास यावर थोडं लिहाल का? आणि माहेरवाशीण, धपाट्यांचं पीठ इथे कुठलं चांगलं मिळतं?

पाणवठा

लिहिते, बाबांना सांगा. सध्या एवढंच: मार्शल लॉ ब्लू माउंटन्सच्या पश्चिमेच्या प्रदेशात होता, म्हणजे तुम्ही ज्या घाटाने डोंगर उतरून जाल त्याच्या पलीकडे सगळीकडे. पॅरामॅटाला गव्हर्नरच्या वार्षिक मेजवानीत विंड्रेडाइनला माफी मिळाली. तो १८२९ मध्ये वारला. बॅथर्स्टजवळ त्याची समाधी मानली जाते, ती जागा खासगी जमिनीत आहे, त्यामुळे परवानगीशिवाय जाऊ नका.

माहेरवाशीण_मेलबर्न

ज्वारीचं पीठ कुठल्याही भारतीय किराणा दुकानात मिळतं. बाजरी, बेसन आणि थोडी कणीक घरीच मिसळा, तयार भाजणी मला इथली आवडली नाही. आणि धपाटे निघायच्या दिवशी पहाटे करा, आदल्या रात्री नको.